गॅसच्या पाण्यावरचा पालक

२४ नोव्हेंबर १९८५

आज गॅस पेटला. काडी ताराने लावली. निळी आग उठली तसा तिने हात मागे घेतला, मग पुन्हा जवळ नेऊन पाहिला. "धूर नाई," एवढंच म्हणाली आणि चहा ठेवला.

मूल गावच्या राइस मिलमध्ये अकरा वर्षं मी काट्यावर बसून पोत्यांची वजनं लिहिली. कोंड्याच्या धुळीने छाती भरली तेव्हा डॉक्टर म्हणाले, जीव हवा तर मिल सोडा. सोडली. हाताची लिहायची सवय मात्र सुटत नाही, म्हणून ही वही. वय सेहेचाळीस. पोरगी सिंदेवाहीला दिली. घरात आम्ही दोघं, गोठ्यात पाच जनावरं, विहिरीजवळ अर्धा एकर वाडी. या वाडीवर आता जगायचं आहे.

घरामागे विहिरीसारखा खड्डा बांधला आहे आणि त्यावर लोखंडी टाकी पालथी बसवली आहे. रोज सकाळी शेण आणि तेवढंच पाणी कालवून आत सोडायचं. गॅस भरला की टाकी वर उचलते. काम झालेलं शेणपाणी दुसऱ्या बाजूने हौदात येतं. पंचायत समितीच्या साहेबांनी दिलेल्या कागदात त्याला स्लरी म्हटलं आहे. तारा म्हणते, गॅसचं पाणी. मला त्याच्याशी मतलब. त्यावर पालेभाजी जोरात येते म्हणतात.

खड्ड्याला आणखी एक नळ येतो, संडासाचा. ती ताराची अट होती. गेल्या साली मोहफुलाच्या दिवसांत शेजारची बुधरी पहाटे नाल्याकडे बसायला गेली आणि अस्वलाने धरली. दवाखान्यात नेईपर्यंत गेली. तारा तिच्या मागे दहा पावलांवर होती. त्यानंतर चार दिवस तिने भात खाल्ला नाही. गॅसची गोष्ट निघाली तेव्हा म्हणाली, "गॅस बांधा, नाई तं नका बांधू. पन मले दाराआड जागा द्या." बावीस वर्षांच्या संसारात तिने मागितलेली ही पहिली गोष्ट. मी लगेच हो म्हटलं. मला स्वतःला चार भिंतींत जमत नाही, मी शेताकडेच जातो. त्यामुळे संडास तिचा एकटीचा.

९ डिसेंबर

पालक जळला. दोन वाफे पिवळे पडले, पानांच्या कडा भाजल्यासारख्या झाल्या. हौदातलं घट्ट पाणी मी बादलीने सरळ वाफ्यावर ओतलं होतं. जास्त खत, जास्त भाजी, असा माझा हिशेब. तारा वाफ्याकडे पाहून म्हणाली, "ताकाले पानी घालता, याले नाई घातलं."

मला राग आला. मिलमध्ये माझं ऐकायला दहा माणसं होती.

१५ डिसेंबर

ताराच्या म्हणण्याप्रमाणे करून पाहतो आहे. हौदातलं पाणी गोणपाटातून गाळायचं, जुन्या पिंपात सावलीला चार दिवस ठेवायचं, मग एका बादलीला तीन बादल्या साधं पाणी. पानावर टाकायचं नाही, ओळीच्या मुळाशी सोडायचं. गाळलं नाही तर झारीची भोकं बुजतात. पिंपातल्या पाण्याला शेणाचा वासही राहत नाही. ओल्या मातीसारखं काहीतरी येतं.

नव्याने पेरलेला पालक दोन पानांवर आला आहे. मेथी आणि सांबारही टाकला, साहेबांच्या कागदातली कोथिंबीर.

१२ जानेवारी १९८६

वाडी पाहायला लोक येतात. पालकाचं पान माझ्या पंजाएवढं झालं आहे आणि रंग असा गडद की लांबून काळा वाटतो. मेथीची जुडी हातात मावत नाही. ही माझी पद्धत मी साहेबांना लिहून कळवणार आहे.

आज केसरबाई आली होती. ती ढिवरांची, तलावाच्या पाळीवर तिचं घर. मूलच्या बाजारात मासे विकते, मासे नसले की भाजी. तिथे तिची ठरलेली जागा आहे आणि गिऱ्हाईक तिच्या शब्दावर माल घेतं. लेक-जावई गेल्यापासून चार वर्षांची नात, सीता, तिच्याजवळच असते. केसरबाईने पालकाचं पान चुरगळून वास घेतला. "शालिकभाऊ, हा पालक मी विकून राह्यली आजपासून. दुसऱ्याले देऊ नका."

मी स्वतः टोपली घेऊन बसलो असतो तर आमच्या हातची भाजी घ्यायला काही लोकांनी नाक मुरडलं असतं. तो अनुभव नवा नाही. केसरबाईने विकलेली बरी.

२१ जानेवारी

पंचायत समितीचे साहेब येऊन गेले. वाडी पाहून खूश झाले. मग टाकीमागचा नळ पाहून थांबले. म्हणाले, "संडास जोडला असेल तर हे पाणी फळझाडाला द्या, कुंपणाच्या झाडाला द्या. पालेभाजीला नका देऊ. रोगाचे जंतू सगळेच मरतात असं नाही."

मी मान हलवली. साहेब तरुण आहेत, पुस्तकातलं बोलतात. एका बाईचा संडास, पाच जनावरांचं शेण. त्यात काय ते उरणार? आणि आता कुठे टोपल्या भरायला लागल्या आहेत. नळ तोडला तर ताराला काय सांगू, आणि पाणी द्यायचं बंद केलं तर वाडीला काय देऊ?

तारा गोठ्यात होती. तिने ऐकलं की नाही, माहीत नाही.

३० जानेवारी

आज बाजारात जे झालं ते लिहून ठेवतो.

तारा आणि मी टोपल्या पोचवायला केसरबाईसोबत मूलला गेलो होतो. भाजी मांडल्यावर एक बाई आली आणि पालक न घेताच म्हणाली की हा संडासाच्या पाण्यावरचा आहे, गावातून कळलं. आजूबाजूच्या दोघी-तिघी थांबल्या. एकीने पिशवीत टाकलेली जुडी परत ठेवली.

केसरबाईने माझ्याकडे पाहिलं. "शालिकभाऊ, खरं सांगा. संडास जोडला हाये का?"

मी म्हटलं, "नाई जोडला. संडास बांधला हाये, पन वापरत नाई कोनी. निस्ता उभा हाये."

केसरबाई वळून मोठ्याने म्हणाली, "आयकलं? माह्या भाऊचा शब्द हाये." तिघींनीही भाजी घेतली.

मी विचार करतो आहे. हे अगदी खोटं म्हणता येणार नाही. मी तर वापरत नाही. आणि ज्यांना आमची भाजी नको असते त्यांना निमित्त लागतंच. खरं सांगितलं असतं तर त्यांचं फावलं असतं.

परतीच्या एसटीत तारा खिडकीकडे तोंड करून बसली. उन्हाने डोकं दुखत असेल.

४ फेब्रुवारी

तारा हल्ली फार लवकर उठते. आज उजाडायच्या आत सरपण आणायला गेली. घरात गॅस असताना काड्या कशाला, विचारलं तर म्हणाली, "अंघोळीच्या पान्याले." आणली तीही मूठभर. एवढ्यासाठी नाल्यापलीकडे जायचं म्हणजे नसता उद्योग. तांब्याही सोबत नेते. रानात तहान लागते म्हणे.

सांबाराला चांगला उठाव आहे.

१९ फेब्रुवारी

संडासाच्या दाराच्या कोपऱ्यात कोळ्याने मोठं जाळं केलं आहे. एवढा खर्च करून बांधलं, तर झाडून तरी घ्यावं माणसाने. ताराला सांगितलं. ती "हो" म्हणाली, पण संध्याकाळी पाहिलं तर जाळं तसंच.

वाळली आहे थोडी. पोरीची आठवण येत असेल. पुढच्या महिन्यात सिंदेवाहीला पाठवतो.

११ मार्च

मार्कंड्याच्या जत्रेला केसरबाईने तीन टोपल्या नेल्या होत्या. आज परत आली ती हसत. सगळी भाजी पहिल्या दिवशीच गेली. एका खानावळवाल्याने तिथेही तोच प्रश्न केला, म्हणाली. "मग काय सांगतलं?" मी विचारलं.

"नातीच्या डोक्यावर हात ठेवला. म्हनलं, या पोरीची आन, संडास नाई जोडला."

सीता तिच्या कडेवरच होती. केसरबाई म्हणाली, "हिलेच इचारा. रोज भातासंग थोच पालक खाते."

मी घरात गेलो. तारा चुलीजवळच्या भिंतीला टेकून उभी होती. तिने माझ्याकडे पाहिलं आणि मी नजर फिरवली. दुपारी ताटात पालकच होता. माझ्याने दोन घासांपलीकडे खाववलं नाही. छातीचा त्रास पुन्हा सुरू झाला की काय.

१४ मार्च

मोहफूल पडायला लागलं. ताराला म्हटलं, आता पहाटेची रानात नको जाऊ. ती म्हणाली, "सगळ्या बाया जातेत मोहा येचाले." गेल्या साली मोहाचं नाव काढलं की अंगावर काटा यायचा तिच्या. भीती गेली, बरं झालं.

२२ मार्च, चंद्रपूर

काल पहाटे ताराला अस्वलाने धरलं. नाल्याजवळ. जिवंत आहे. डोक्याला आणि कपाळाला टाके आहेत, डाव्या हाताचं हाड मोडलं आहे. मोहा वेचणारे पोचू आणि बिरजू ओरडत धावले म्हणून वाचली.

तिच्याजवळ मोहफुलाची टोपली नव्हती. पोचूने माझ्या हातात फक्त तांब्या आणून दिला.

२३ मार्च

मी इतका कसा आंधळा झालो?

२५ मार्च

आज ती नीट बोलली. नर्सबाई पट्टी बदलून गेल्यावर मी विचारलं, "संडास होता ना तारा. काऊन गेली तू?"

छताकडे पाहत म्हणाली, "तुमी बाजारात सांगतलं ना, कोनी वापरत नाई म्हून. मंग म्या वापरनं सोडलं."

"मले सांगाचं होतं."

"काय सांगू? तुमी खोटे बोलले, असं? चार लोकांत तुमचा शब्द गेला होता. थो खोटा पडू नये, एवढं तं मले करता येत होतं."

ती रागावून बोलत नव्हती. तेच सहन होत नव्हतं. साहेब नळाबद्दल बोलले तेही तिने गोठ्यातून ऐकलं होतं. म्हणाली, "मले वाटलं, तुमी बंद करान. रोज वाट पायली."

सात आठवडे ती अंधारात त्या नाल्यावर जात होती, जिथे तिने बुधरीला पाहिलं होतं. आणि मी वहीत लिहीत होतो की भीती गेली.

मागची पानं आज पुन्हा वाचली. फाडावीशी वाटली. फाडली नाहीत.

२९ मार्च

केसरबाई ताराला भेटायला आली. दोन एसटी बदलून, भात आणि झिंग्यांची भाजी घेऊन. ताराच्या उशाशी बसली, तिचे केस सारखे केले. जायला निघाली तेव्हा मी तिला दवाखान्याच्या पडवीत थांबवलं आणि सांगितलं. नळ जोडलेला आहे. पहिल्या दिवसापासून.

तिला आधी समजलंच नाही. मी पुन्हा सांगितलं.

"म्हंजे मी मार्कंड्याले सीताच्या डोक्यावर हात ठेवला, थो खोटा?"

"हो."

"अन् थे पोरगी थोच पालक खात होती."

ती मला शिव्या देईल असं वाटलं होतं. तिने पदराने तोंड पुसलं आणि म्हणाली, "भाऊ म्हनलं होतं तुमाले." डबा मागायला ती परत आत गेली नाही. तशीच फाटकाबाहेर पडली.

सीताला काही झालेलं नाही. गावात कोणी आजारी पडल्याचंही ऐकलं नाही. पण मी कधी कोणाला विचारलं होतं?

३ एप्रिल

ताराला घरी आणलं. वाडीतला सगळा पालक, मेथी, सांबार उपटला. जनावरांनाही घातला नाही, खड्डा करून पुरला. चवळईचे कोवळे वाफेही गेले. दुपारपर्यंत वाडी उघडी पडली. तारा खाटेवरून पाहत होती. मी थांबलो तेव्हा तिने उजव्या हाताने कोपऱ्याकडे बोट दाखवलं. तिथे चार रोपं राहिली होती, तीही उपटली.

४ एप्रिल

मूलच्या बाजारात गेलो. केसरबाई तिच्या जागेवर मासे घेऊन बसली होती, समोर गिऱ्हाईक नव्हतं. मी वाडी का उपटली ते पसरलं होतं आणि लोकांनी दोष तिच्यावर ढकलला होता. तिने मला पाहून मान खाली घातली.

मी तिच्या टोपलीजवळ उभा राहिलो. मिलमध्ये काटा थांबला की मी मोठ्याने आकडा सांगायचो, त्याच आवाजात सांगितलं. या बाईने जो पालक विकला तो माझा होता. त्या पाण्यात संडास जोडलेला होता. मी तिला नाही म्हणून सांगितलं. तिला काही माहीत नव्हतं. खोटं मी बोललो, तिचा दोष नाही.

माणसं जमली. एकाने माझी कॉलर धरली, दुसऱ्याने सोडवली. एक जण म्हणाला, "या लोकायकडून दुसरं काय होनार." ते ऐकून डोक्यात तिडीक गेली, कारण खोटं बोललो मी एकटा आणि त्याने माझ्या सगळ्या माणसांना त्यात ओढलं. मी म्हटलं, "माझं नाव शालिकराम रायपुरे. जे बोलाचं थे माह्या नावानं बोला." तो गेला.

एक म्हातारी बराच वेळ उभी होती. तिने विचारलं, "तुह्या घरचे खात होते का रे हा पालक?"

"खात होतो."

तिने वाकून केसरबाईकडून मासे घेतले. केसरबाईने ते पानात बांधून दिले. माझ्याकडे पाहिलं नाही.

१४ एप्रिल

जयंती. दरवर्षी विहारात मी चार शब्द बोलतो. यंदा मंडळातल्या झाडूभाऊने बोलावलं तेव्हा नको म्हटलं आणि मागच्या ओळीत बसलो. तारा घरीच राहिली. कपाळावरचा व्रण भुवईपर्यंत आला आहे. ती आरशासमोर जात नाही, पदर पुढे ओढून घेते.

८ मे

साहेबांना बोलावून आणलं. त्यांनी एका शब्दानेही "मी सांगितलं होतं" असं म्हटलं नाही. म्हणाले, नुसता नळ तोडून भागणार नाही, सगळा खड्डा उपसा आणि नव्याने फक्त शेणावर चालू करा. आठ दिवस उपसत होतो. ते सगळं पाणी बांबूच्या बेटाला आणि मागच्या सागांना गेलं, वाडीपासून दूर. नळाचं तोंड सिमेंटने बुजवलं.

संडासासाठी वेगळा खड्डा घराच्या दुसऱ्या अंगाला, विहिरीपासून दूर खणला. छातीमुळे एका दमात फार होत नाही. हातभर खणायचं, बसायचं. तारा सावलीत बसून विटा मोजून देते. डाव्या हाताची दोन बोटं वळत नाहीत.

खड्डा पुरा झाला त्या दिवशी ती आत गेली, दार लावून घेतलं. कडीचा आवाज आला. मी अंगणातच उभा होतो. मग उगाच बैलाच्या पाठीवरून हात फिरवत राहिलो.

२० जुलै

धानाच्या रोवण्याला लागलो आहे, दुसऱ्याच्या बांधीत, मजुरीने. वाडीत यंदा थोडी आंबाडी घातली आहे, घरापुरती. केसरबाई रस्त्यात दिसते. मी नमस्कार करतो. ती डोक्यावरची टोपली सावरते आणि जाते.

सीता मात्र हात हलवते.

१६ नोव्हेंबर

पुन्हा पालक आला आहे. त्याच गाळणीने, त्याच मापाने. आता लिहितो की गाळायची, निवळू द्यायची आणि एकास तीन पाण्याची पद्धत ताराची आहे. साहेबांना पाठवलेल्या चिठ्ठीतही तसं दुरुस्त करून कळवलं.

भाजी चांगली आहे. विकणार कुठे, ते मात्र ठाऊक नाही. दोन जुड्या शेजारच्या इसरूच्या घरी दिल्या. त्यांनी घेतल्या, पण शिजवल्या की नाही, विचारायची हिंमत झाली नाही.

१९ नोव्हेंबर

सकाळी शेण कालवत होतो आणि केसरबाई वाडीच्या झोपाटाजवळ, काट्याकुट्यांच्या फाटकाशी, येऊन उभी राहिली. मी हात धुऊन पुढे गेलो. "या बाई," म्हटलं. ती माझ्या बाजूने निघून गेली, सरळ ताराजवळ.

"ताराबाई, तू सांग."

तारा उठली. पदर एका हाताने सावरत तिला घरामागे घेऊन गेली. बुजवलेलं नळाचं तोंड दाखवलं. नवा संडास दाखवला, तिथपासून गॅसपर्यंतची मधली जमीन पावलांनी मोजून दाखवली. हौद दाखवला, पिंपाचं झाकण उघडलं. मी दुरून पाहत होतो. दोघी पिंपाजवळ बराच वेळ वाकून उभ्या होत्या, काय बोलल्या ऐकू आलं नाही. केसरबाईने एकदा ताराचा डावा हात हातात घेतला आणि न वळणारी बोटं पाहिली.

परत आल्यावर तिने पालकाचं पान खुडलं, चुरगळलं, वास घेतला.

"बाजाराले दोन टोपल्या नेते. पन आता मी कोनाची आन नाई घेत. ताराबाई येईल माह्यासंग. कोनी इचारलं तं जवाब थे देईल."

मला वाटलं तारा नाही म्हणेल. आठ महिन्यांत ती विहारापर्यंतही गेली नव्हती. तिने कपाळाला हात लावला.

"लोक पायतीन," ती म्हणाली.

"पायतीन," केसरबाई म्हणाली. "मंग भाजी घेतीन."

२१ नोव्हेंबर

आज पहिल्यांदा दोघी मूलला गेल्या. मी घरी थांबलो. जनावरं सोडली, वाफे भिजवले, जेवायला बसलो आणि तसाच उठलो. एसटीची वेळ झाली तेव्हा रस्त्यावर जाऊन उभा राहिलो.

तारा उतरली. पदर खांद्यावर होता, कपाळ उघडं. टोपल्या एकात एक घातलेल्या, रिकाम्या. केसरबाई मागून उतरली, माझ्याकडे पाहून "चालते, भाऊ" म्हणाली आणि तलावाच्या वाटेला लागली.

टोपल्या मी घेतल्या आणि आम्ही घरी आलो. ताराने हातपाय धुतले, शेगडी पेटवली, चहाचं आधण ठेवलं.

"कोनी इचारलं का?" मी म्हटलं.

"इचारलं. दोघी-तिघींनी. थो अस्वलवाला डाग काय, हेबी इचारलं."

"मंग काय सांगतलं?"

तिने चहात साखर टाकली, ढवळली.

"जे हाये थे," ती म्हणाली, आणि कप माझ्यापुढे ठेवला.